चे की छे?

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. बटण दाबले रे दाबले की माझा आकडा हजर! गोरव्याच्या एका कारखान्यात, दिनकररावांच्या टेबलावर, माझी उमेदीची वर्षे गेली. "याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी फुशारून जाई. ते निवृत्त झाले तसा मीही त्यांच्याबरोबर अकोट्याच्या घरी आलो. मग मोबाइल आले आणि मी खणात पडलो. तिथे माझा जीव नुसता तळमळायचा.

यंदा त्यांच्या सुनेने, निरुपमाने, मला बाहेर काढले. ती लेकीला, सानवीला, पदावली शिकवत होती. "कंचेभागुबेव पाठ कर. आधी कंस, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी."

गणित होते, '२० − १० चे अर्धे'. सानवीने वीस वजा दहा केले, 'चे' येताच बरोबरचे (=) बटण दाबले आणि जे आले त्याचे अर्धे केले. मी पाच दाखवले. पुस्तकात उत्तर होते पंधरा.

"फरी कर, पुन्हा एकदा," निरुपमा म्हणाली. पुन्हा पाचच! तिचा पारा चढला. "हे डबडंच बिघडलंय. भंगारवाला आला की देऊन टाकते."

मी बिघडलो नव्हतो हो! पण सांगणार कसे? आकड्यांपलीकडे मला बोलताच येत नाही.

सानवीने मला घट्ट धरले. "आई, याला नको देऊस. मी सांगते तेच तो करतो."

"मग तू असं का सांगतेस?"

"तूच म्हणालीस ना, कंसानंतर छे! गुजरातीत छे म्हणजे आहे. खाली खेळताना सगळे म्हणतात, 'आ मारो दाव छे.' 'आहे' म्हटलं की पुढे उत्तर, म्हणून मी बरोबरचं बटण दाबलं."

निरुपमा हसत सुटली आणि तिने लेकीला जवळ ओढले. "अगं, छे नाही, चे! दहाचे अर्धे, म्हणजे दहामधलं अर्धं. ते आधी काढायचं, वजाबाकी नंतर."

सानवीने तसे केले. मी पंधरा दाखवले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, भंगारातून मी वाचलो, पण जिवाची धाकधूक गेलेली नाही. कोणाचे उत्तर चुकले तर त्याला लगेच मोडीत काढू नका. 'तू असे का केलेस?' एवढे विचारा. मला ते विचारता येत नाही. तुम्हाला येते.