घाटंजीच्या ढालीवरचं पाचवं नाव

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. सागाची फळी आणि तिच्यावर ठोकलेला पितळी पत्रा, एवढाच माझा देह. लोक म्हणतात, किती मानाची वस्तू! मला मात्र मान वर करवत नाही. का, ते आज सांगून टाकते.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात यवतमाळ जिल्ह्यातल्या काही जिनांनी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांनी, आपापले बास्केटबॉलचे संघ उभे केले होते. चांगला खेळाडू दिसला, की त्याला जिनात काम द्यायचं आणि संध्याकाळी मैदानात उतरवायचं. घाटंजीच्या संघाचा कप्तान होता शब्बीर, जिनातला फिटर. सगळ्यांत चपळ गडी श्रावण. तो रुईच्या गाठी बांधायचा. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो अक्षरं शिकला.

एकोणसाठ साली अंतिम सामन्यात घाटंजी एका गुणानं मागे होती. शेवटच्या मिनिटाला श्रावणनं चेंडू कड्यात टाकला आणि मी घाटंजीला आले.

माझ्यावर पाच खेळाडूंची नावं कोरायची होती. जिनाचे व्यवस्थापक देवीलाल यांनी ती कागदावर लिहून दिली. श्रावणच्या जागी त्यांच्या भाच्याचं, खेमसिंगचं नाव होतं. खेमसिंग सामनाभर बाहेर बसला होता. ढाल ऑफिसात लागेल, पाहुणे वाचतील, तिथं श्रावणचं नाव शोभायचं नाही, असं देवीलाल म्हणाले. शब्बीरनं नोकरी जाण्याच्या भीतीनं कागद मुकाट्यानं घेतला.

नावं कोरणारा गफ्फार शब्बीरचा दोस्त. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, “श्रावणचं नाव काहून नाही?”

“लिहिलं तेवढंच कोर,” शब्बीर खाली बघत म्हणाला.

पाचव्या नावाचे घाव मी सोसले आणि गप्प राहिले.

मग श्रावण मला बघायला ऑफिसात आला. एकेका ओळीवर बोट ठेवत, अक्षर अक्षर जुळवत त्यानं सगळी नावं वाचली. आपलीच चूक झाली असेल असं वाटून पुन्हा वरपासून वाचली. मग हळूच म्हणाला, “शब्बीरभाई, मी खेयलो होतो ना?”

शब्बीर फडक्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

श्रावण काम सोडून मुकुटबनला शेतीवर गेला. बाकीच्यांचंही मन खेळात राहिलं नाही. पुढच्या हंगामात घाटंजी एकही सामना जिंकली नाही. एकसष्टपर्यंत इतर जिनांचे संघही मोडले, मैदानात सरकीचे ढीग लागले आणि मी गोदामात फाटक्या बारदानाखाली कळकून हिरवी पडले. मला ते बरंच वाटलं. तिथं कुणी वाचत नव्हतं.

चौसष्ट साली गोदाम रिकामं केलं, तेव्हा शब्बीरनं मला मागून घेतलं आणि एस.टी.नं मुकुटबनला नेलं. श्रावण आणि त्याची बायको सत्यशीला अंगणात तूर निवडत होती. शब्बीरनं तिच्यासमोरच सगळं कबूल केलं. म्हणाला, गफ्फारकडून नाव बदलून आणतो, ढाल तू ठेव.

श्रावणनं मला हात लावला नाही. “मले ढाल नको. आता जे बोलला, ते घाटंजीच्या बाजारात बोल.”

सत्यशीलानं पाणी आणून दिलं. शब्बीरनं ते पिऊन मला पुन्हा बगलेत घेतलं.

बाजाराच्या दिवशी, जिनाच्या फाटकासमोर भरलेल्या बाजारात, जुने खेळाडू जमले. शब्बीरनं मला वर धरलं.

“पाचवं नाव खोटं आहे,” तो म्हणाला. “श्रावण खेयला होता. कागद मीच नेलता.”

खेमसिंग मान खाली घालून निघून गेला. शब्बीरला कुणी शाबासकी दिली नाही आणि त्यानंही ती मागितली नाही.

त्यानं मला आपल्या घरात लावलं. नाव मात्र बदललं नाही. येणारा प्रत्येक जण पाचव्या नावाशी थांबला, की शब्बीरला पुन्हा सगळं सांगावं लागतं. दर वेळी त्याचा चेहरा उतरतो आणि माझाही.

मित्रांनो, जुन्या ढाली जपा, पुसा. पण मला चिंच लावून लख्ख कराल, तर ती खोटी ओळही लख्ख होईल. म्हणून आधी विचारा, खेळलं कोण होतं?