बुडावरचा त्रिकोण

"आप्पा, लोणचं आत हाय. बुडाला काय बघायलात?"

कौशल्याबाईंनी विचारलं, पण धोंडप्पांनी मान वर केली नाही. चोरीच्या सायकलचा नंबर तपासणाऱ्या जमादारासारखे ते पालथ्या बरणीवर वाकले होते. बरणीतलं तेल सावकाश झाकणाकडे निघालं होतं.

"हे काय हाय?"

बुडाच्या मधोमध नखाएवढा त्रिकोण होता. तीन बाण, एकमेकांच्या मागे लागलेले. आत एक आकडा.

"असंल कंपनीचं कायतरी. समद्या बरण्यांवर हाय."

"समद्यांवर हाय म्हंजी समद्याच तसल्या."

"कसल्या?"

"हे बाण बघा. गोल गोल फिरायलेत. जुनं वितळवायचं, नवं करायचं. ते जुनं झालं की परत वितळवायचं. चपला, घमेली, दवाखान्यातल्या बाटल्या, काय बी. करणाऱ्यानं खूण करून ठिवलीय. आपल्याला वाचता येत न्हाई, म्हून आपण त्यात लोणचं घालायलोत."

"लातूरहून नवीन आणल्यात, आप्पा. पिशवीतून माझ्यासमोर काढल्या."

"नवीन तर हाईतच. पण मागच्या जन्मी कोण होत्या?"

मागच्या जन्माबद्दल कुणाकडेच उत्तर नसतं. म्हणूनच तो प्रश्न विचारायला सोपा असतो.

देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात छापून येऊन आठ वर्षं झाली होती. ते उघडले त्याबद्दल धोंडप्पांची तक्रार नव्हती. आत कोण कोण आलं ते कुणी बघितलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. केजच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या किराणा दुकानात आता शांपूच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबत होत्या. त्या विकताना ते पुडी दोन बोटांच्या चिमटीत धरत, जणू ती चावेल. तरी माणूस उगाच शंकेखोर नव्हता. एकदा तूरडाळीचं पोतं न उघडता, नुसतं हुंगून त्यांनी सांगितलं होतं की हे पोतं ट्रकमध्ये रॉकेलच्या पिंपाशेजारी बसून आलंय. उघडल्यावर ते खरं निघालं. त्या दिवसापासून केजमध्ये धोंडप्पांच्या नाकाला तहसीलदाराच्या सहीइतकी किंमत आली, आणि मालकापेक्षा नाकच जास्त बोलू लागलं.

कौशल्याबाईंचा नवरा एस.टी.त कंडक्टर होता. तो गेल्यावर त्यांनी काही वर्षं मुलांच्या बोर्डिंगात पोळ्या लाटल्या. मग ते काम सांभाळून लोणचं सुरू केलं. लोणचं उत्तम होतं, पण चिनी मातीची बरणी अंबाजोगाईला पोचेपर्यंत एस.टी.त फुटायची आणि शेजारच्या प्रवाशाच्या धोतराला पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा रंग द्यायची. गेल्या वर्षी त्यांना ह्या हलक्या, काचेसारख्या प्लॅस्टिकच्या बरण्या मिळाल्या आणि लोणचं बीडपर्यंत गेलं. यंदा त्यांनी सगळ्या कैऱ्या बरण्यांत भरल्या आणि बोर्डिंगातलं काम सोडलं. तेही गुपचूप सोडलं नव्हतं, चार बायकांना सांगून सोडलं होतं. आता बरण्या खपल्या नाहीत तर त्याच चार बायकांसमोरून परत पोळपाटाकडे जावं लागणार होतं.

"ठिवू का मग?" त्यांनी विचारलं.

"ठिवा. मी काय न्हाई म्हनलो का? मला दिसलं ते बोललो."

धोंडप्पांना वाईटपणा घ्यायला आवडत नसे. बरण्या त्यांनी फळीवर नीट मांडल्या. मग मुंजाजी गुरुजी गूळ घ्यायला आले, तेव्हा एक बरणी पालथी करून दाखवली, इतकंच. गुरुजींना त्यांनी गूळ निळ्या कॅरीबॅगमध्ये बांधून दिला. ती पिशवी त्यांनी पारखून घेतलेली होती. पारखण्याची त्यांची रीत ठरलेली: पिशवीचा कोपरा काडेपेटीने पेटवायचा आणि धूर हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला की माल खानदानी. निळ्या पिशव्या खानदानी निघाल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत बातमी एस.टी. स्टँडवर गेली की बरण्या दवाखान्यातल्या बाटल्यांच्या आहेत. आठवडी बाजारात ती परत आली तेव्हा त्या बाटल्या ज्याला लावल्या तो पेशंटही मेलेला होता. कुणी म्हणालं चकलांब्याचा होता, कुणी म्हणालं कड्याचा. मेला होता यावर मात्र एकमत होतं. बरण्या परत येऊ लागल्या. एक बाई तर निम्मं लोणचं संपवून बरणी परत घेऊन आली. बाकीचं निम्मं वाचलं म्हणून देवाचे आभार मानत होती.

कौशल्याबाई आल्या, परत आलेल्या बरण्या पोत्यात भरल्या आणि पोतं डोक्यावर घेऊन गेल्या. धोंडप्पांना ते जरा लागलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला पाटावर बसले आणि महादेवींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, समोर विभूतीची डबी ठेवली. पालथी.

"हे काय?" धोंडप्पा म्हणाले.

"बघा की. तुमालाच वाचता येतंय."

डबीच्या बुडाला तीन बाण एकमेकांच्या मागे लागले होते.

"मठातून आलेली डबी हाय ही," धोंडप्पा म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"व्हय. रोज कपाळाला लावायलात. मागच्या जन्मी चप्पल होती का घमेलं, ते तेवढं सांगा."

मग महादेवींनी घरच बाहेर काढलं. खोबरेल तेलाची बाटली, नातवाची दुधाची बाटली, औषधाची बाटली. सगळ्यांच्या बुडाला त्रिकोण. आकडे तेवढे वेगळे. नातवाची बाटली मुंबईहून सुनेच्या माहेरच्यांनी पाठवलेली होती. तिच्यावर शंका घेणं म्हणजे व्याह्यांवर घेणं. धोंडप्पांनी कपाळाला विभूती न लावताच चपला घातल्या. घालताना चपलेचंही बूड बघून घेतलं.

नबी भंगारवाला त्यांचा शाळेतला सोबती. एस.टी. स्टँडच्या मागे त्याचं कुंपण घातलेलं आवार होतं. फुटक्या बादल्यांच्या ढिगापाशी तो चहा पीत बसला होता.

"ह्या खुणेचा अर्थ काय बे?" धोंडप्पांनी खिशातून विभूतीची डबी काढली.

नबीने डबी पालथी केली. "जात हाय तिची."

"जात?"

"प्लॅस्टिकच्या लई जाती असतेत. एकीत दुसरी मिसळली की माल खराब. म्हून आकडा. भंगारात आल्यावर कोणत्या ढिगात टाकायची, ते कळतंय त्याच्यावरनं."

प्लॅस्टिकलाही जाती असतात आणि त्या मिसळलेल्या चालत नाहीत, हे ऐकून धोंडप्पांना बरं वाटलं. गोष्ट ओळखीची निघाली.

"म्हंजी जुन्यापासून केलीय असं न्हाई?"

"ते त्यात लिहिलंच न्हाई. नवी असंल, जुनी असंल. ती खूण तिच्या मरणाचा पत्ता हाय आप्पा, जन्माचा न्हाई."

"तुझं भंगार मग जातंय कुठं? बरण्यांतच की."

"काचेसारखी बरणी माझ्या ह्या बादल्यांची होईल व्हय? जरा अक्कल लाव. ह्याचे पाइप होतेत, परत बादल्या होतेत." नबीने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि बोट दाखवलं. "आन् ते होतंय."

धोंडप्पांच्या हातात घरून आणलेली केळी होती, निळ्या कॅरीबॅगमध्ये.

"ह्याचा वास मेणबत्तीचा येतोय. मी जाळून बघितलंय."

"माझी बादली जाळली तरी तसाच येतोय. जाळू का?"

"तू भंगारवाला. तुला काय, तू तर म्हणणारच."

"मग माझ्याकडं कावून आलास बे?"

धोंडप्पांनी केळी पिशवीतून काढून हातात धरली आणि ते परत निघाले. वाटेत एक गाय निळ्या पिशवीकडे बघत होती. पिशवी त्यांनी खिशात घातली.

चूक दुरुस्त करायची असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वस्तूबद्दल चांगलं बोलायचं होतं, त्यामुळे शब्द लवकर सापडेनात. मुंजाजी गुरुजी दुकानात आले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, ती बरणी चांगली हाय बरं का. खुणेचा अर्थ येगळाच निघाला."

गुरुजींनी आधी फळीकडे पाहिलं, मग धोंडप्पांकडे. "कौशल्याबाई येऊन गेल्या काय?"

"न्हाई. नबीनं सांगितलं."

"भंगारवाल्यानं." गुरुजी हसले. "आप्पा, तुमचं नाक कधी चुकत न्हाई. आता तुमी कुणाच्या भिडेनं बोलायलात, ते मला कळत न्हाई व्हय?"

धोंडप्पांनी आणखी तिघांना सांगितलं. तिघांनीही समजूतदारपणे मान हलवली आणि बाहेर जाऊन सांगितलं की आप्पा दाबले गेलेत. केजमध्ये त्यांच्या नाकावर अजून पूर्ण विश्वास होता. तोंडावरचा तेवढा उडाला.

पुढच्या बाजाराला कौशल्याबाई आल्या. डोक्यावर पोतं होतं. त्यांनी काउंटरवर एकेक बरणी मांडली. लोणचं तेच, तेल तसंच वर आलेलं. धोंडप्पांनी सवयीने एक बरणी उचलली आणि बुडाला अंगठा लावला. बूड पांढुरकं, खरखरीत लागलं. त्रिकोण नव्हता. दुसऱ्या बरणीलाही नव्हता.

"काचकागदानं घासलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "बूड आत गेलेलं असतंय. दगडावर घासता येत न्हाई. बोटानंच घासावं लागतंय."

"ह्याची गरज नव्हती, बाई. त्या खुणेत काय वंगाळ न्हाई. मी इचारून आलो."

"मला म्हाईत हाय. लातूरच्या दुकानदारानं तवाच सांगितलं होतं."

"मग तुमी बोलल्या कावून न्हाई?"

"तुमच्या नाकापुढं माझं कोण ऐकणार होतं, आप्पा?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. लोणच्यात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं म्हणाल्या. तेवढ्यात बोर्डिंगाच्या बाजूची एक बाई दुकानाशी थांबली. तिने बरण्यांकडे जरा लांबूनच पाहिलं.

"ह्या त्याच का?"

धोंडप्पा तराजू पुसू लागले. आता आपण चांगलं म्हणावं तर बाई जाईल, वाईट म्हणावं तर जाईलच.

"चव बघा आधी," कौशल्याबाई म्हणाल्या. नमुन्याच्या बरणीतून कैरीची एक फोड काढून त्यांनी बाईच्या तळहातावर ठेवली. कौशल्याबाईंच्या बोटांची टोकं घासून घासून सोललेली होती. तिखट तेल लागलं तसा त्यांचा श्वास आत गेला. हात त्यांनी पदरात गुंडाळला. चेहरा होता तसाच राहिला.

बाईने फोड तोंडात टाकली. चघळत ती बरणीच्या बुडाकडे मान तिरपी करू लागली.

तिने विचारायच्या आतच कौशल्याबाईंनी दुसऱ्या हाताने बरणी उचलली आणि तिच्यासमोर पालथी धरली.