सहावा खिसा

"काय शिखरभाऊ, मॅच लई जोरात हाय वाट्टे!"

पंजाबराव खिडकीच्या गजांना तोंड लावून बोलला म्हणून बरं झालं. शिखरचंदने त्याच्या ओठांकडे पाहिलं, शब्द जुळवले आणि उजव्या कानातल्या वायरीला बोट लावून मान हलवली.

"जोरात," तो म्हणाला. "तुमचं काय?"

"माह्यं काय असते! पोरीले, अंजनाले काल बाळंतपनाले अकोल्याले नेलं ना. अडली म्हने. जावई तीन वाजता फोन करतो म्हनला, मंग आलो." पंजाबरावाने डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. भाजीच्या मळ्यातून तो तसाच उठून आला होता. पोटऱ्यांपर्यंत ओली माती होती. "पन तुमीच बोलजा हं भाऊ. मले त्या पेटीत काही समजत नाई."

पेटी म्हणजे फोनवर बोलायची लाकडी खोली. गावातली अर्धी माणसं तिच्यात पाऊल टाकत नसत. 'तुमीच इचारा, तुमीच सांगा' म्हणत आणि खिडकीबाहेर उकिडवी बसून राहत. शिखरचंद एकवीस वर्षं या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता आणि तेवढीच वर्षं लोकांच्या वतीने विचारत, सांगत आला होता. गावातले किती जन्म आणि किती मरणं आधी त्याच्या कानावर पडली असतील, याचा हिशोब त्याने कधी केला नव्हता. अलीकडे मात्र तो विचार मनात आला की तो घाईने दुसरं काम काढे.

गावात त्याला खिसेचंद म्हणत. चिडवण्यात प्रेमच जास्त होतं. त्याच्या सदऱ्याला पाच खिसे होते आणि एकही रिकामा नसे. पेनाच्या जागी विजेचा टेस्टर असे, कुणाच्या घरी दिवा गेला की आधी तो बाहेर निघे. बाजूच्या मोठ्या खिशात मुंबईहून व्ही.पी.ने मागवलेला तळहाताएवढा ट्रान्झिस्टर. मग चपटी बॅटरी, घडी होणारं भिंग, आणि एक चाकू, ज्याच्या पोटातून पेचकस, कात्री नि डबे उघडायचं पातं निघे. हा चाकू दाखवताना शिखरचंद एरवीचा लाजाळूपणा विसरे. जत्रेत, लग्नात, मंदिराच्या पायरीवर, कुठेही त्याला गाठून लोक म्हणत, "काढा बावा, आज काय नवं आनलं?"

सहाव्या खिशाबद्दल फक्त बायकोला, कंचनबाईला ठाऊक होतं. तिनेच तो सदऱ्याच्या आतून, छातीच्या डाव्या बाजूला शिवला होता.

तीन वर्षांपूर्वी शिखरचंदला वाटलं, लाइन मंद झाली. लाइनमन खेमाला त्याने दोनदा खांबावर चढवलं. दुसऱ्यांदा खाली उतरून खेमा म्हणाला, "लाइन झ्याक हाय, शिखरभाऊ. तुमीच कान कोरून पाहा." खेमा हसला, म्हणून शिखरचंदही हसला. घरी जाऊन त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि डाव्या कानाला लावलं. काही नाही. त्याला वाटलं, किल्ली द्यायची राहिली. उजव्या कानाला लावलं, तेव्हा फार लांबून मुंगी चालल्यासारखं काहीतरी आलं. काटा तर व्यवस्थित फिरत होता.

डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टरचा कागद ऑफिसात जातो, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला बोर्डावर कोण बसवेल? त्याने साबणदानीत रेडिओचे सुटे भाग, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर नि चार-सहा रोधक, आणि एक पेन्सिल सेल बसवला. एका टोकाला कानात घालायची वायर लावली, दुसऱ्या टोकाला रबरी टोपीतलं तारेचं वेटोळं. टोपी रिसीव्हरला चिकटवली की पलीकडचा आवाज चौपट होई. साबणदानी राहायची त्या सहाव्या खिशात. समोरच्या माणसाचे ओठ वाचायला तो आपोआप शिकला. राहता राहिली कानातली वायर. पण खिसेचंदच्या कानात वायर पाहून कुणाला नवल वाटलं नाही. लोकांनीच तिचा अर्थ लावून टाकला. हा मॅच ऐकून राह्यला. स्कोअर विचारला की तो अंदाजाने आकडा ठोकून देई.

"सांगून टाका ना साहेबाले," कंचनबाई म्हणे. "कवापर्यंत लपवान?"

"सांगतो. अन् मंग लखमीदादाच्या दुकानात गज घेऊन बसतो?"

थोरल्या भावाचं, लखमीचंदचं कापडाचं दुकान होतं. एकवीस वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, तारा जोडून माणूस होते काय, दुकानात ये. अजूनही सणासुदीला म्हणे. कंचनबाई आणखी काही बोलली तरी शिखरचंद मान वळवून घेई, आणि मान वळवली की तिचं बोलणं संपे.

आज सकाळपासून सेल उतरत होता. कारंजाच्या बसने नवे सेल यायचे होते, ते उद्या. ट्रान्झिस्टरमधला काढून घालता आला असता, पण एक्स्चेंजमध्ये कुणी ना कुणी डोकावत होतं, आणि साबणदानी बाहेर काढायची म्हणजे सदरा सोडायचा. त्याने घड्याळ पाहिलं. पावणेतीन. तीनचा एक फोन निभावला म्हणजे झालं. त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो खुर्चीतून उडालाच. कानातली वायर निघून छातीवर लोंबली.

मागे साहेब उभे होते, अकोल्याचे. न कळवता तपासणीला आले होते. कधी आले, कधीपासून बोलत होते, देव जाणे. आताही ते बोलत होते, आणि शिखरचंदच्या लक्षात आलं की साहेबांच्या मिशा दाट आहेत, वरचा ओठ पार झाकणाऱ्या. त्यांच्याखाली फक्त हनुवटी हलत होती.

त्याने चोरून खिडकीकडे पाहिलं. तिथे पंजाबराव साहेबांना काहीतरी समजावत होता आणि त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते. "मॅच हो साहेब, मॅच! सारं गाव त्याईलेच स्कोअर इचारते."

साहेबांनी हात पुढे केला. तो इशारा शिखरचंदला कळला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जिवात जीव आला. ड्यूटीवर रेडिओ ऐकला. फार तर ताकीद मिळेल. ताकिदीने कुणी बोर्डावरून उठत नाही. त्याने बाजूच्या खिशातून ट्रान्झिस्टर काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"चूक झाली साहेब. मॅच ऐकत होतो."

हनुवटी हलली. भुवया वर गेल्या. असा चेहरा करून माणूस एकच प्रश्न विचारतो, असं शिखरचंदला वाटलं.

"चार बाद दोनशे बारा, साहेब," तो म्हणाला. आणि साहेब काहीच करेनात म्हणून त्याने भर घातली, "खेळ रंगात आला आहे."

हनुवटी थांबली. साहेबांनी ट्रान्झिस्टर उलटा करून पाहिला. त्यात कुठेही वायर नव्हती. त्यांनी शिखरचंदच्या छातीवर लोंबणारी वायर पाहिली. ती सदऱ्याच्या आत जात होती. मग त्यांनी टेबलावरचं ट्रंक कॉलच्या तिकिटांचं पुस्तक ओढलं, एका तिकिटाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि शिखरचंदसमोर धरलं.

'आज रेस्ट डे आहे.'

शिखरचंदने ते दोनदा वाचलं. अक्षर फार सुबक होतं. मॅचला असा सुटीचा दिवस असतो हे त्याला माहीत होतं. तो कोणता, हे मात्र कळायला रेडिओ ऐकू यावा लागतो.

बोर्डावर अकोल्याच्या लाइनची पितळी झडप पडली, म्हणजे फोन आला.

ती त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. एकवीस वर्षांच्या सवयीने हात आधी हलला. त्याने दोर खोचला, वायर कानात घातली. साहेब बघत होते. बघू दे.

अकोल्याचा ऑपरेटर आला, गेला. मग जावयाचा आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा. पंजाबराव गज धरून उभा राहिला होता.

"मामाले सांगा," आवाज म्हणाला, "पोरगी..."

पुढचा शब्द अर्धाच आला. शेवटचं 'ली' तेवढं ऐकू आलं.

"काय? पुन्हा बोला!"

"पोरगी...ली."

झाली की गेली? शिखरचंदने रिसीव्हर घट्ट दाबला. कानात आता नुसती खरखर होती आणि तीही विझत होती. त्याने मान वर केली. पंजाबराव त्याच्या तोंडाकडे बघत होता, शिखरचंद रोज दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघे तसा. त्याचे ओठ हलले. "काय म्हन्ते भाऊ?"

झालीच म्हणाला असेल. लोक चांगली बातमी द्यायलाच घाई करतात. पण वाईट बातमीलाही लोक घाई करतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एका अक्षराचा प्रश्न होता, आणि ते अक्षर अंदाजाने ठरवायचं त्याच्या हातून होईना.

"लाइन सोडू नका!" तो फोनमध्ये ओरडला. मग साहेबांकडे वळला. "साहेब, तो ट्रान्झिस्टर द्या."

साहेब हलले नाहीत.

"त्यातला सेल पाहिजे. मले ऐकू येत नाही, साहेब. तीन वर्षं झाली."

त्याने सदऱ्याची बटणं सोडली, आतून साबणदानी काढली आणि बोर्डापुढे ठेवली. गुलाबी रंगाची, झाकणावर कमळ असलेली. साहेबांनी ट्रान्झिस्टर पुढे केला. शिखरचंदने चाकूचं पातं उघडून त्याचं मागचं झाकण उचकटलं. सेल निसटून टेबलाखाली घरंगळला. साहेब वाकले, त्यांनी तो उचलून दिला.

खरखर उसळून आली आणि तिच्यामागून जावई.

"मी सांगतो ते बरोबर हाय का, ते बोला," शिखरचंद म्हणाला. "पोरगी झाली?"

"झाली, झाली! सकाळीच झाली."

"अन् अंजना?"

"रक्त द्या लागलं. आता बरी हाय. चहा मागते."

शिखरचंदने खिडकीकडे तोंड केलं. "नात झाली, पंजाबराव. अंजना बरी हाय. चहा मागते."

पंजाबराव मटकन खाली बसला. खिडकीत त्याचं फडकं तेवढं दिसत राहिलं.

साहेबांनी आणखी एक तिकीट लिहिलं. या वेळी जरा वेळ लागला. 'उद्यापासून बोर्डावर बसू नका. डॉक्टरांचा दाखला आणा. तोवर दुरुस्तीचं काम बघा. त्यासाठी मी वर लिहितो.' खाली सही करायला ते थांबले आणि न करताच तिकीट त्याच्या हातात दिलं. मग साबणदानी उचलून भिंगाने पाहावी तशी डोळ्यांजवळ नेली, आतल्या तारांच्या जोडाचे टाके बोटाने चाचपले आणि अलगद होती तशी ठेवली.

संध्याकाळची पाळी रतनसिंगची होती. तो आला तेव्हा शिखरचंद रबरी टोपी रिसीव्हरवरून सोडवत होता. तीन वर्षांत तिथे एक काळपट गोल वर्तुळ उठलं होतं. त्याने ते रुमालाने पुसलं, पण गेलं नाही.

आतल्या खिशात घालायला त्याने साबणदानी हातात घेतली, पण ती वरच्या खिशात, टेस्टरच्या शेजारी ठेवली. फुगवटा स्पष्ट दिसत होता. रिकामा ट्रान्झिस्टर बाजूच्या खिशात गेला.

पंजाबराव अजून पायरीवर बसून होता. शिखरचंद पायऱ्या उतरून रस्त्याला लागला, आणि मागून कुणी हाक मारली असेल तर ती त्याला कळली नाही. वीसेक पावलांवर मातीने भरलेले दोन पाय घाईघाईने त्याला ओलांडून पुढे गेले आणि वळून उभे राहिले. पंजाबराव धापा टाकत होता. त्याने शिखरचंदच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि आवाज न काढता, ओठ चांगले लांब ताणून विचारलं, "च-हा?"

"आवाज काढला तरी चालते, पंजाबराव," शिखरचंद म्हणाला.

पंजाबराव ओशाळून हसला. मग हॉटेलपर्यंतचा सगळा रस्ता तो नातीबद्दल बोलत गेला, शिखरचंदकडे तोंड करून, उलट्या पावलांनी.