कमलेशचा ठिपका

आमच्या शहरात झाडूवालीच्या मनगटावर घड्याळ असतं. ते आम्हाला वेळ दाखवायला नाही, साहेबांना आम्ही दिसावं म्हणून. ऑफिसातल्या पडद्यावर प्रत्येकीचा एक ठिपका. ठिपका थांबला की बाई कामचुकार, पगार कापला. बाईला लघवीला जावं लागतं, हे त्या घड्याळाला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून भर जूनच्या उन्हातही आम्ही पाणी पीत नव्हतो. अगदीच राहवलं नाही तर घड्याळ मैत्रिणीच्या हातात बांधायचं आणि गुरुद्वाऱ्याच्या संडासाकडे पळायचं.

काल कमलेशने तिचं घड्याळ माझ्या हातात बांधलं आणि गेली, ती आलीच नाही. तिथल्याच संडासात बेशुद्ध सापडली. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, कामगार विम्याच्या हॉस्पिटलात हलवा. तिथे उपचार फुकट, पण कामावर असताना आजारी पडली असा ऑफिसचा कागद लागतो.

आज सकाळी तो कागद मागायला मी आमच्या सोढीसाहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, पडद्याकडे बघितलं.

"जीतो, थापा मारू नकोस. कमलेश काल सुट्टी होईपर्यंत झाडत होती. आणि आत्ता, हे बघ, याच इमारतीत आहे."

मी बाही वर केली. मनगटावर दोन घड्याळं. "ही घ्या तुमची कमलेश. द्या तिला कागद."

साहेब ताडकन उठले. "ही चोरी आहे! मशीन कुणाचं सगंसोयरं नसतं. सगळ्यांना सारखं मोजतं, म्हणून तर आणलं."

"सगळ्यांना? मग तुमच्या हातात कुठंय? मी बाहेर बाकावर बसले तेवढ्यात तुम्ही दोनदा लघवीला जाऊन आलात. उभी राहिलेली बाई चोर, असं मशीनला स्वप्न पडलं होतं? तुम्हीच शिकवलंत त्याला. आणि आता नाव त्याचं सांगता!"

"दोघींना काढून टाकतो!"

"टाका. पण लेखी द्या. कामाच्या वेळेत लघवीला गेली, तिथे बेशुद्ध सापडली, म्हणून काढली. लिहा ना. हात का थांबला?"

रागाच्या भरात त्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला. मला तोच कागद हवा होता, 'कामाच्या वेळेत' असं साहेबांच्याच हातचं. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि कमलेशला भरती करून घेतलं. तिचा जीव वाचवायला तिचीच नोकरी घालवावी लागली, माझी तर गेलीच.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. मी जवळ बसले होते. तिने रिकामं मनगट चाचपलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"भैणजी, माझा ठिपका कोण फिरवतंय?"

"मेला तो ठिपका!" मी ओरडले. "तू जिवंत आहेस, कळतंय का? तू!"

नर्स धावत आली, म्हणाली, आवाज कमी करा. मी केला नाही.