अंजनाच्या नावाचा बोकड

मित्रांनो, मी एक म्हातारा बोकड आहे. हसू नका. म्हातारा बैल तुम्ही पाहिला असेल, म्हातारी म्हैस पाहिली असेल, पण म्हातारा बोकड कधी पाहिलात का? आम्हाला म्हातारं होऊ देण्याची रीतच नाही. ज्या बोकडाच्या दाढीत पांढरे केस येतात, त्याच्यामागे कुणाचा तरी नवस अडकलेला असतो. माझ्यामागे अंजनाचा अडकला होता. ती डॉक्टर झाली नाही, म्हणून मी जगलो.

आत्ता मी बिरोबाच्या देवळासमोर उभा आहे. मागे तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं आहे आणि बायका कांदा-खोबरं भाजत आहेत. वास फार छान सुटला आहे. कोंडीबा पुजारी विहिरीवर तांब्या भरायला गेला आहे. तो परत येईपर्यंत माझी गोष्ट सांगून होईल.

सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो तिथल्या माळावर माझा जन्म झाला. घर तात्याबांचं. पूर्वी ही माणसं मेंढरं घेऊन कुठल्या कुठे हिंडायची. तात्याबांनी माळावरच घर बांधलं आणि मेंढरांच्या जोडीला थोडी ज्वारी करायला लागले. त्यांची बायको रंगूबाई, थोरली मुलगी अंजना आणि धाकटा बिराप्पा, एवढंच घर.

अंजनाचा हात लहान आणि शहाणा होता. एखादी मेंढी अडली की तात्याबा तिलाच हाक मारत. ती कोपरापर्यंत तेल लावून बसायची, डोळे मिटायची आणि आतलं कोकरू अलगद वळवून बाहेर काढायची. माझी आई अडली तेव्हा मलाही तिनेच ओढून काढलं. म्हणजे या जगात मला पहिल्यांदा शिवला तो तिचा हात.

ती मॅट्रिकला केंद्रात पहिली आली. तिने आपणहून सांगितलं, मला डॉक्टर व्हायचंय. तात्याबा हसले आणि मग त्यांनी तिला सांगलीच्या कॉलेजात घातलं. रंगूबाईने मात्र माझा कान धरला, मला ओढत या देवळापुढे आणलं आणि कोंडीबाकडून कानाला चीर देऊन घेतली.

"बिरूबा," ती म्हणाली, "माझ्या अंजीचा मेडिकलला नंबर लागू दे. ह्यो बकरा तुझा."

मेडिकल म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. कान दुखला म्हणून मी ओरडलो, एवढंच.

त्यानंतर मोठा दुष्काळ पडला. माळावरची जनावरं एकेक करून खाटकाकडे गेली. माझे भाऊ गेले, आईही गेली. मला कुणी हात लावला नाही, कारण मी देवाचा होतो. मला वाटलं, काय ही माया! देव कोणत्या दिवशी आपली वस्तू मागणार आहे, हे मला लोकांच्या बोटांनी शिकवलं. येणारा-जाणारा माझ्या पाठीचं मांस चिमटीत धरून बघायचा आणि विचारायचा, "तात्याबा, औंदा लागतोय का पोरीचा नंबर?" चिमटा माझ्या पाठीला आणि चौकशी पोरीची.

अंजना सुट्टीला आली की मोठालं पुस्तक मांडीवर उघडायची आणि मला पुढे उभं करायची. तिच्याकडे दुसरं साधन नव्हतं. माझ्या बरगड्यांवर तळहात ठेवून ती पुटपुटायची, "हितं काळीज. हितं फुप्फुस. हलू नगं रं, चुकतंय माझं." मग कुशीला कान लावून ठोके ऐकायची. मी हललो की ती रागवायची आणि नाही हललो की हिरवा पाला मिळायचा. असं करता करता मला सवय लागली. तिचा तळहात पाठीवर पडला की माझे चारही पाय जमिनीत रुतल्यासारखे व्हायचे. माश्या बसोत, पाऊस येवो, मी कान हलवायचो नाही. मित्रांनो, त्या सवयीचा मला फार अभिमान होता.

आता नानासो मास्तरांबद्दल सांगतो. हे तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. तरुणपणी त्यांचा स्वतःचा मेडिकलचा नंबर हुकला होता. तेव्हापासून दुसऱ्यांच्या पोरांचे चान्स काढणं हा त्यांचा छंद होऊन बसला. तलाठी शिवारात येऊन पिकाची आणेवारी काढतो ना, तसे मास्तर पोरांची काढायचे. चहाचा कप बशीत ठेवायचे, पोराला उभं करायचे, सगळ्यांदेखत चार प्रश्न विचारायचे आणि निकाल द्यायचे. "चार आणे. ह्याला शेतीला लावा." पोर रडत घरी जायचं. मास्तरांचा अंदाज सहसा चुकत नसे, म्हणून त्यांना कुणी काही बोलत नसे.

अंजनाला त्यांनी सोळापैकी बारा आणे दिले. तात्याबा दोन दिवस मान वर करून फिरले. मीही हिशेब केला. तिचे बारा आणे म्हणजे माझ्याकडे उरले चार.

मग इंटर सायन्सची परीक्षा आली. त्या काळी डॉक्टरकीला जायचं ते या इंटरच्या मार्कांवर. आणि ते मार्क एकदाच मोजले जायचे. तुम्ही पास झालात पण मार्क कमी पडले, तर दार कायमचं बंद. म्हणून एखादा पेपर बिघडला की हुशार पोरं पुढचा पेपर द्यायचीच नाहीत. मुद्दाम नापास व्हायची आणि पुढच्या साली नव्याने बसायची. याला ती ड्रॉप घेणं म्हणत. ड्रॉप घ्यावा की धीर धरावा, या विचारात त्या दिवसांत कितीतरी पोरांची झोप उडायची.

अंजनाचा फिजिक्सचा पेपर बिघडला. पुढे जीवशास्त्र आणि त्याचं प्रात्यक्षिक राहिलं होतं. मध्ये सुट्टी होती, म्हणून ती एसटीने घरी आली. तोंड उतरलं होतं. मास्तरांनी प्रश्नपत्रिका वाचली आणि मान हलवली.

"आठ आणे," ते म्हणाले. "अर्धं हिकडं, अर्धं तिकडं. मी काय सांगू? तुमीच ठरवा."

"मी देती आबा पेपर," अंजना तात्याबांना म्हणाली. "जीवशास्त्र माझं पक्कं हाय."

तात्याबांनी बराच वेळ तंबाखू चोळली. "मास्तरला कळंना म्हंजी पेपर द्यावा का ते आता देवालाच इचारलं पायजे," ते म्हणाले.

आमच्याकडे देवाला विचारायची रीत अशी आहे. नवसाच्या बोकडाला देवळापुढे उभं करायचं आणि पाठीवर पाणी सोडायचं. बोकडाने अंग झाडलं तर देव हो म्हणाला. उभाच राहिला तर नाही म्हणाला. कापायच्या वेळीसुद्धा हेच करतात. अंग झाडल्याशिवाय सुरी लावत नाहीत, कारण तोवर देवाने नैवेद्य पत्करलेला नसतो. पण एरवी बोकडाकडून परीक्षेचा कौल कुणी घेतला होता, असं मी ऐकलेलं नाही. तात्याबांना ते सुचलं आणि सगळ्यांना पटलं.

मला इथेच उभं केलं, याच दगडावर. आजूबाजूला गर्दी. मी बिथरलो आणि दावं ओढू लागलो. तेव्हा अंजना पुढे आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "उगी, उगी रं," ती म्हणाली. कोंडीबाने तांब्या ओतला. पाणी मानेवरून, कुशीवरून, पोटाखालून गळलं. मी हललो नाही. त्याने दुसरा तांब्या ओतला. मी हललो नाही. माझ्या पाठीवर तिचा तळहात होता आणि मला वाटलं, आता हिरवा पाला मिळणार.

"औंदा न्हाई म्हंतोय देव," कोंडीबा म्हणाला.

अंजनाने ड्रॉप घेतला. जीवशास्त्राच्या पेपराला तिची जागा रिकामी राहिली.

निकाल लागला, मेडिकलच्या याद्या लागल्या आणि एके दिवशी मास्तर हसत हसत अंगणात आले. त्यांना एक नवल कळलं होतं, ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. "फिजिक्स औंदा सगळ्यांनाच जड गेलं गं अंजना! लय खाली आली मार्कांची रेघ. तू पेपर दिला असतास तर आरामात लागला असता की तुझा नंबर." एवढं बोलून त्यांनी बशीत चहा ओतला. अंजनाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिने तो खाली ठेवला आणि गोठ्यात येऊन माझ्याजवळ बसली.

पुढच्या साली बसू, असं ठरलं होतं. पण देवाने 'औंदा नाही' म्हटलं होतं, त्यातलं 'औंदा' हळूहळू गळून पडलं. आधी शेजारणी म्हणाल्या, मग रंगूबाई म्हणाली, शेवटी तात्याबाही म्हणाले, "देवाच्या मनातच न्हाई तर उगा कशाला?" अंजना भांडली, दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न लावून दिलं, कडेगावाकडे. नवऱ्याच्या घरीही मेंढ्या होत्या. तिथे अडलेल्या मेंढ्यांना तिचा हात फार उपयोगी पडतो, असं तिची सासू कौतुकाने सांगत असे.

मी राहिलो. नवस फिटला नाही, म्हणून मला विकता येईना आणि कापताही येईना. माझे दात झिजले, गुडघे धरले. पोरं मला 'डॉक्टर' म्हणून हाका मारू लागली. "काय डॉक्टर, दवाखाना बंद का?" अंजना माहेरी आली की ही हाक तिच्याही कानावर जायची. संध्याकाळी माझ्या कुशीला कान लावून बसायची. ठोके मोजते की नुसती टेकते, ते मला कधी कळलं नाही.

मग बिराप्पा मोठा झाला. तोवर इंटर गेली होती आणि बारावी आली होती. रंगूबाईने नवा बोकड घेतला नाही. "घर एकच, देव एकच," ती म्हणाली आणि अंजनाच्या नावाचा मी बिराप्पाच्या नावावर झालो. मास्तरांनी त्याला सहा आणे दिले. त्याचा रसायनशास्त्राचा पेपर बिघडला आणि तोही तोंड पाडून घरी आला. मी मनाची तयारी केली. वाटलं, आता मला देवळात नेतील.

तात्याबा त्याला म्हणाले, "गप पेपर दे. बाप्याच्या जातीनं असं कच खाऊन चालतंय व्हय?"

पोरासाठी देवाला कुणी विचारलंच नाही, मित्रांनो. त्याने सगळे पेपर दिले आणि त्याचा नंबर लागला.

म्हणून आज हे पातेलं. मास्तर आत्तापासूनच पहिल्या पंगतीची जागा धरून, पत्रावळ पुढे घेऊन बसले आहेत. बिराप्पाने नवा शर्ट घातला आहे. अंजना कडेगावाहून आली आहे आणि मी दावं ओढत होतो म्हणून तिने आल्या आल्या माझ्या पाठीवर हात ठेवला आहे. कोंडीबाही आला. त्याने तांब्या ओतला.

मी हललो नाही.

त्याने दुसरा ओतला. बिराप्पाचा चेहरा उतरला. "देव रुसला का काय?" कुणीतरी म्हणालं.

"आगं अंजे, हात काढ की!" रंगूबाई ओरडली. "तुझा हात पाठीवर असला की ते मुडदं हलतंय का कवा?"

अंजना आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने अगदी हळू विचारलं, "आये, त्या साली बी माझा हात हितंच हुता का गं?"

"व्हय की. तू त्येला कवा सोडलंयस?" रंगूबाई म्हणाली आणि लगेच तिने पदर तोंडावर धरला. तात्याबांनी मान खाली घातली. मास्तर पत्रावळीकडे बघू लागले.

मित्रांनो, माझ्याजवळ वेळ थोडा आहे, म्हणून मागायचं ते मागून घेतो. तुमच्या घरात एखादी पोर 'मी पेपर देती' असं म्हणाली, तर तिला तो देऊ द्या. मास्तरला विचारू नका, देवाला विचारू नका आणि बोकडाला तर मुळीच विचारू नका. आम्हाला फक्त मायेचा हात कळतो. त्यातून पुढे काय होणार, ते आम्हाला कळत नाही.

तिचा तळहात अजून माझ्या पाठीवर आहे. तो तिथे आहे तोवर मला कुणी कापू शकत नाही, हे तिलाही आता कळलं आहे. ती बिराप्पाकडे बघते आहे. तो म्हणतो, "आक्के, सोड की गं. पंगत खोळंबली."

तिने हात उचलला आहे. पाणी फार गार आहे, मित्रांनो.