नेमून दिलेली जागा

"आवाज किती वेळा दिलास?" चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"दिलाच न्हाई, साहेब," बन्सीधर म्हणाला.

टेबलाच्या टोकाला बसून जबाब उतरवून घेणाऱ्या पंडित जमादारांचा पेन थांबला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ठाण्याच्या आवारात जप्तीच्या सायकली गंजत पडल्या होत्या. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"नीट आठव. घाबरलेल्या माणसाला मागचं पुढचं आठवत नाही."

"समदं आठवतंय, साहेब. जवारी हालली, पाय दिसले, म्या गोळी मारली. मधी काहीच न्हाई."

साहेब माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर बन्सीधरला सोपं गेलं असतं. त्यांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं, त्याला स्टुलावर बसवलं आणि मुलाला गणित समजावून सांगावं तसं सांगितलं. आवाज दिला नाही असं लिहिलं की बन्सीधरवर गुन्हा दाखल होणार. त्याला त्या जागी बसवणारा फौजदार निलंबित होणार. दोन घरं उठणार आणि गेलेला माणूस काही परत येणार नाही.

"मग हे सगळं कोणासाठी करायचं?"

"भुजंगसाठी, साहेब."

"भुजंगचं आता काय व्हायचं राहिलंय?"

पंडित जमादारांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी तीन वेळा मोठ्याने आवाज दिला. समोरून उत्तर न आल्याने नाइलाजाने एक राऊंड फायर केला.' मग कागद त्याच्यापुढे सरकवून त्यांनी सहीच्या जागी बोट ठेवलं. अठरा वर्षांच्या नोकरीत साहेबांनी दाखवलेल्या जागी सही केली नाही, असं बन्सीधरच्या हातून कधी झालं नव्हतं. ती न करण्यासाठी तोंडातून कोणता शब्द काढायचा असतो, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. त्याने सही केली.

भुजंग फड आणि बन्सीधर एकाच दिवशी पोलिसात भरती झाले होते. भुजंग पांढरवाडीचा, चार एकरवाल्या शेतकऱ्याचा पोरगा. अंगावर खाकी चढली तरी त्याच्यातला शेतकरी काही उतरला नाही. गस्तीला निघाला की चोर सोडून पिकं बघायचा. "ह्या कापसाला पानी कमी पडायलंय," "ह्या मानसानं पेरनी दाट केलीय," असं दिवसभर चालायचं. ठाण्यातले लोक चिडवायचे, तुला पोलिसात घेतलं ही चूक झाली, परभणीच्या कृषी विद्यापीठात पाठवायला पाहिजे होतं. तो हसायचा. त्याला राग येत नसे आणि बढतीही मिळत नसे.

बढती न मिळायला कारण होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराची दंगल पेटली तेव्हा एका गावच्या जळालेल्या दलित वस्तीवर या दोघांचा पंधरा दिवस पहारा होता. तिथे बायनाबाई नावाची एक म्हातारी होती. तिचे दोन्ही हात भाजलेले आणि गावच्या विहिरीवर तिला कोणी फिरकू देत नव्हतं. भुजंग रोज सकाळी रायफल बन्सीधरकडे देऊन विहिरीवर जायचा आणि तिच्यासाठी दोन घागरी भरून आणायचा. खाकीतला माणूस पोहऱ्याला हात घालतोय म्हटल्यावर गाव गप्प बसायचं. एके दिवशी साहेबांची जीप नेमकी तेव्हाच आली. भुजंगच्या सेवापुस्तकात शेरा पडला, 'नेमून दिलेली जागा सोडून गेला.' त्या वेळी त्याचं कोणाला काही वाटलं नाही. भुजंगलाही नाही.

आणि आठ वर्षांनी ती येळवस आली. गंगाखेडच्या पलीकडच्या भागात वेळ अमावस्येला सगळी माणसं रानात असतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आंबील-भज्जीचा आग्रह होतो. त्याच दुपारी ठाण्याला खबर आली. मानवतच्या एका आडत्याला लुटून पळालेले दोघे सावरगव्हाणच्या शिवारात जवारीच्या रानात लपलेत आणि त्यांच्याजवळ गावठी कट्टा आहे.

फौजदारांनी रान घेरलं. टेकडीच्या उताराचं, पूर्वेकडून पश्चिमेला लांबत गेलेलं रान. जवारी हुरड्यात आलेली, माणसाच्या डोक्यावरून वीतभर उंच. भुजंग आणि मुंजाजी या दोघा शिपायांनी पूर्वेकडून आत घुसायचं आणि पीक आडवं झालं तरी बेहत्तर, पण सरळ रेषेत पश्चिमेला निघायचं. बन्सीधरने दक्षिणेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रायफल लावून बसायचं. आपली माणसं पश्चिमेला निघणार, म्हणजे दक्षिणेला जो निघेल तो चोर.

बन्सीधरने तोवर चांदमारीच्या मैदानाबाहेर एकदाही गोळी झाडली नव्हती. समोर दहा हातांवर जवारी हलली. जवारीच्या उभ्या ताटांच्या बुडाशी वाळलेल्या पानांतून पाय दिसले. उघडे, मातीने भरलेले. पोलिसाच्या पायात बूट असतात. कट्ट्याची भीती, उघडे पाय आणि ठरलेली दिशा या तिन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात एकदम आल्या आणि आवाज द्यायचं राहून गेलं.

भुजंग ताटांना धरून खाली बसला. टोपी त्याने खांद्याच्या पट्टीत अडकवली होती. "बन्सी, म्या हाय," एवढं म्हणाला. गंगाखेडच्या रस्त्याला लागेपर्यंत तो जीपमध्ये बन्सीधरच्या मांडीवर होता. पुढे नव्हता.

त्याचे बूट पूर्वेच्या धुऱ्यावर सापडले. जोडीने ठेवलेले, आत मोज्यांची घडी. लुटारू महिन्याभराने तिकडे येलदरीच्या बाजूला पकडले गेले. ते त्या शिवाराकडे कधी फिरकलेच नव्हते.

चौकशीचा निकाल पावसाळ्याच्या तोंडाला आला. मयताने आदेश मोडून दिशा बदलली, गणवेशातले बूट उतरवले, तीन वेळा आवाज देऊनही उत्तर दिलं नाही. शेवटी सेवापुस्तकातला जुना शेरा शोधून काढून जोडला होता, 'जागा सोडण्याची पूर्वीपासून सवय.' सबब मृत्यू स्वतःच्या चुकीने. याचा अर्थ पंडित जमादारांनीच बन्सीधरला सांगितला. एकवीस ऑक्टोबरला जिल्ह्याच्या कवायत मैदानावर कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांची नावं वाचतात, त्यात भुजंगचं नाव येणार नाही.

बन्सीधरने खरी हकीकत लिहून वर अर्ज केला. तो परत आला, 'प्रकरण बंद, पुन्हा अर्ज करू नये' असा शिक्का घेऊन. पुन्हा केला, पुन्हा तोच शिक्का. तिसऱ्यांदा फौजदारांनी त्याला बाजूला घेतलं आणि हात जोडले. "बन्सीधर, माझी पोरगी लग्नाची आहे रे." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सहन झाल्या असत्या, जोडलेल्या हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानंतर त्याने अर्ज केला नाही. पहिल्या अर्जाची नक्कल मात्र गणवेशाच्या खिशात ठेवली.

भुजंगचे वडील आश्रुबा त्या पावसाळ्यात ठाण्यावर दोनदा येऊन गेले होते. पैशाचं, नोकरीचं काही विचारलं नाही. "नाव कवा वाचत्यात?" एवढंच विचारलं. कोणी तरी दिवस सांगितला. नाव येणार नाही हे कोणी सांगितलं नाही. बन्सीधर दोन्ही वेळा मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला होता, याची त्याला आयुष्यभर लाज वाटली.

एकवीस ऑक्टोबरला सकाळी बन्सीधर रांगेत उभा होता. मैदानाच्या कडेला लोकांसाठी कनात बांधली होती. पहिल्या खुर्च्यांवर मोठी माणसं आणि पार मागे, खांबाला धरून, आश्रुबा उभे. स्वच्छ धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. पहाटेच्या एसटीने आले असणार. बिगुल वाजला, नावं सुरू झाली. लाउडस्पीकर खरखरत होता. म्हातारा कानामागे तळहात धरून पुढे झुकला होता. प्रत्येक नावाला त्याचे ओठ हलत होते.

नावं संपली. रायफली उलट्या झाल्या, सगळे दोन मिनिटं स्तब्ध राहिले. त्यानंतरही आश्रुबांचा हात कानामागेच होता. बन्सीधरला वाटलं, रांग मोडावी आणि मैदानाच्या मधोमध जाऊन ओरडावं. पण तो हलला नाही. नेमून दिलेली जागा त्याने सोडली नाही.

परेड सुटल्यावर तो धावतच परभणीच्या स्टँडवर गेला. गंगाखेडच्या फलाटावर आश्रुबा बसले होते, मांडीवर भाकरीचं गाठोडं, न सोडलेलं.

"आबा," बन्सीधर म्हणाला. पुढचे शब्द त्याने दहा महिने घोकले होते, पण ऐन वेळी ते उलटेपालटे झाले. "आबा, गोळी माझी व्हती."

"ठावं हाय," आश्रुबा म्हणाले. "बसा, बन्सीधरराव."

"म्या आवाज दिला न्हाई, आबा. कागदात तीन डाव लिवलंय, त्ये खोटं हाय. एक डाव बी दिला न्हाई. दिला आसता तर त्यो बोलला आसता. त्याची काहीच चूक न्हवती."

फलाटावर एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. ती जिंतूरची होती.

"त्यो तुमच्या बाजूनं कसा आला, कळालं का तुमाला?" आश्रुबांनी विचारलं.

"न्हाई. आजून न्हाई कळालं."

"म्या तिसऱ्या दिशी तिथं जाऊन आलो. त्यो दुसरा शिपाई गेला ती वाट दिसत व्हती. ताटं आडवी पडल्याली, कनसं मातीत. माझ्या लेकाची वाट काय घावली न्हाई. येक ताट मोडलं न्हवतं. तासातून चालला त्यो. दोन वळींच्या मधून. उताराचं रान, तास वळून दक्षिनंला निगतंय. त्यो बी वळला."

बन्सीधरने बोटाने बाकावर ते वळण काढून पाहिलं.

"आन् येळवस व्हती. आमच्यात येळवशीला उभ्या पिकात पायतान घालून जात न्हाईत. ल्हान व्हता तवा येकदा चपला घालून पळाला जवारीत. म्या लय मारलं त्याला. लोकाचं आसलं तरी उभं पीक तुडवायचं न्हाई, म्हनलं." आश्रुबांचा आवाज आता फाटला. "म्याच शिकिवलं, बन्सीधरराव. तुमी यकटेच कशाला म्हनता, माझी चूक माझी चूक."

दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याचं समाधान करता आलं नाही. हे साहेबांना सांगावं का, असं बन्सीधरच्या मनात आलं आणि लगेच उमगलं की याचा उपयोग नाही. भुजंगने दिशा बदलली आणि बूट काढले, हेच तर त्यांनी लिहिलं होतं. खरं कारण सांगितलं तर त्यांचा कागद आणखी पक्का होणार.

त्याने खिशातून अर्जाची नक्कल काढली. "आबा, म्या खरं काय त्ये लिवून दिलं व्हतं. कुनी घेतलं न्हाई. ही नक्कल तुमी ठिवा."

"मला कुठं वाचता येतंय? आन् दाखवू कुनाला?" आश्रुबांनी कागदाला हात लावला नाही. मग म्हणाले, "वाचा बरं. काय लिवलंय?"

बन्सीधरने वाचलं. आजूबाजूला माणसं होती, शेंगावाला ओरडत होता, त्यामुळे मोठ्याने वाचावं लागलं. म्हातारा कानामागे तळहात धरून ऐकत होता. वाचून झालं तरी त्याने हात काढला नाही.

"पुन्ना वाचा. समदं नगं. वरचं नाव तेवढं."

बन्सीधर बाकावरून उठला. का उठला ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने टोपी डोक्यावर नीट बसवली, टाचा जुळवल्या आणि भर फलाटावर वाचलं, "पोलीस शिपाई, बक्कल नंबर सातशे बारा, भुजंग आश्रुबा फड. राहणार पांढरवाडी."

शेंगावाला गप्प झाला. दोन-चार माणसं वळून पाहू लागली. आश्रुबांचे ओठ हलले.

"येवढंच तर वाचायचं व्हतं त्यांनी," ते म्हणाले.

गंगाखेडची गाडी आली. बन्सीधरने त्यांचं गाठोडं उचलून खिडकीतून आत टाकलं आणि त्यांच्यासाठी जागा धरली.