पेन्सिलीवरची शाई

लातूरला लोक लेकरांना डॉक्टर करायला आणतात, आणि लेकरांमागे त्यांच्या आयाही येतात. मीही आले. ऋतुजाला अकरावी-बारावी आणि सीईटीच्या क्लासला घातलं, तिचे वडील मुखेडला शेती बघायला राहिले, आणि मी हाजराबीच्या माडीवरच्या खोलीत पोळ्या लाटायला बसले. लेक सकाळी सहाला जायची ती दुपारी जेवायला यायची आणि पुन्हा पळायची. मधले तास खायला उठायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी मी शाळेतल्या रंगपेटीनं चित्रं काढायला लागले.

हाजराबी आमची घरमालकीण. एकटीच राहायची, साठीची, पान खाणारी. मी तिला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. तिचं औशाकडचं गाव भूकंपात गेलं, त्याला तेरा वर्षं झाली होती. एकदा माझं चित्र बघून म्हणाली, "बाई, माझं घर काढ की."

"फोटो द्या, खाला."

"फोटू कुठला? सगळं मातीत गेलं. मी सांगते, तू काढ."

मग दोन महिने ती सांगून राहिली आणि मी खोडून राहिले. उंबरा एवढा उंच नव्हता, खिडकी जरा अलीकडं होती, अंगणातली चूल भिंतीला टेकून होती. चुलीवरून तर आमचं चांगलंच वाजलं. आणि तिला आपलं एकटं घर काही सांगता येईना. घर म्हटलं की गल्ली यायची, गल्ली म्हटली की समोरचं लक्ष्मीबाईचं घर. म्हणून डाव्या हाताला हाजराबीचं घर, मध्ये गल्ली आणि उजव्या हाताला लक्ष्मीबाईचं दार, असं चित्र कागदाच्या काठापासून काठापर्यंत पसरलं. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "हाव. असंच होतं." दोन महिन्यांत ऐकलेलं ते पहिलं कौतुक.

कागद एकच होता, जाड, दाणेदार. मुखेडचे चित्रकलेचे वीरभद्र सर निवृत्त होताना देऊन गेले होते. त्याच्या मागच्या बाजूला माझा पहिला प्रयत्न होता. तेव्हा मी शहाणीनं ऋतुजाच्या जेल पेननं रेघा काढल्या आणि वरून रंगाचा कुंचला फिरवला. अख्ख्या घराचं निळं डबकं झालं. हाजराबीनं ते बघितलं आणि खाली जाऊन चहा ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. म्हणून या खेपेला चित्र पेन्सिलीनं काढलं, आणि त्यावरून शाईच्या रेघा ओढून रंग द्यायच्या आधी पेन नीट शोधायचं ठरवलं.

क्लासच्या खाली मुज्तबाभाईंचं स्टेशनरीचं दुकान आहे. मी विचारलं, "पाण्यात न फुटणारं पेन कोणतं?"

"पेन पाण्यात कोण घालतंय, ताई? इथं पोरं गोळे भरत्यात."

ते खरंच होतं. पेन चालवून बघायला काउंटरवर एक वही असते, तिच्यात कुणी नाव लिहीत नाही की सही करत नाही. पानंच्या पानं काळे गोळे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतल्यासारखे. मी गोळ्यांच्या मधून रेघा ओढायला लागले तसे मुज्तबाभाई चष्मा लावून वाकले. मग त्यांनी मागच्या कपाटातून इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी ठेवलेली फाइनलायनर पेनं काढली, सुईसारख्या टोकाची, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. तिन्हींवर वॉटरप्रूफ लिहिलेलं.

"पंधरा वर्षं इकून राहिलो, एकदा बी भिजवून बघितलं न्हाई," ते म्हणाले. "घेऊन जा, आणि काय होतं ते मला येऊन सांगा."

घरी ऋतुजाच्या जुन्या सराव परीक्षांच्या कागदांची चळत होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी रेघा ओढल्या, पाच मिनिटं थांबले, ओला कुंचला फिरवला. साधं बॉलपेन टिकलं, पण त्याचं टोक कागद खरवडत होतं आणि मध्येच शाईची गाठ सोडत होतं. फाइनलायनरपैकी एकाची रेघ जांभळी होऊन पसरली. वॉटरप्रूफ म्हणे! बाकी दोन रेघा मात्र जागच्या हलल्या नाहीत. मी पुन्हा काढल्या, दहा मिनिटांनी भिजवल्या, बोटानं घासल्या. इतकी मजा मला कितीतरी वर्षांत आली नव्हती. भाजी करपली, तिकडं लक्ष नव्हतं.

ऋतुजा जेवायला आली, ताटावर बसायच्या आधी कागद उचलून बघायला लागली. "आई, ही इथं फुटलीय बघ."

न फुटणारीच रेघ, पण एका जागी काळा ओघळ आला होता. त्या जागी ऋतुजानं कधीतरी पेन्सिलीनं कच्चं गणित केलं होतं. कोऱ्या कागदावर रेघ ठाम, आणि पेन्सिलीवर चढली की पसरलेली. आम्ही दोघी खिडकीपाशी नेऊन बघत राहिलो. लेकीनं आणखी दोन रेघा गणितावरून ओढल्या, पंख्याखाली वाळवल्या, भिजवल्या. मार्क नसलेल्या गोष्टीत ती दोन वर्षांत पहिल्यांदा एवढी रमली होती. मला लई बरं वाटलं.

"पेन्सिलीचा थर मधी येतो," ती म्हणाली. "शाई कागदात मुरतच न्हाई. आणि तुझ्या चित्रात तर दहा वेळा खोडलेली पेन्सिल हाय."

"मग कोणतं पेन घ्यायचं?"

"ह्या कागदावरनं कळत न्हाई. त्याच कागदावर, त्याच पेन्सिलीवर बघावं लागंल."

तसाच दुसरा कागद मागवायला दहा दिवस लागतील, असं मुज्तबाभाईंनी सांगितलं. रविवारी सीईटी होती आणि सोमवारी सामान न्यायला टेम्पो येणार होता. मुखेडला नेऊन रंगवावं, तर भिंतीचा आणि दाराचा रंग हाजराबीच्या डोक्यात. ती शेजारी बसल्याशिवाय एक फटकारा मारता येणार नव्हता. मागची बाजू रंगानं माखलेली, पुढं बोटभर जागा मोकळी नाही. चित्राचीच दोन बोटं पट्टी कापायची आणि तिच्यावर टिकलेली तिन्ही पेनं, दोन फाइनलायनर आणि बॉलपेन, बघायची, एवढंच उरलं.

मी हाजराबीला वर बोलावून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पान चघळायचं थांबली होती. घर तिचं, चित्र तिचं, तेव्हा कापायचं ते समोरच्यांचं, हे मी मनाशी धरूनच होते. फूटपट्टी उजव्या काठावर लक्ष्मीबाईच्या दारावर ठेवली आणि कात्री घेतली.

हाजराबीनं माझं मनगट धरलं. "तिकडून नगं. इकडून काप."

"खाला, इकडं तुमची चूल हाय."

"असू दे."

"किती भांडलो आपण त्या चुलीवरनं! लक्ष्मीबाईचं थोडं कमी झालं तर काय बिघडतंय?"

"माझी चूल कशी होती ते सांगायला मी हाय अजून," ती म्हणाली. "लक्ष्मीच्या घरातलं एक माणूस राहिलं न्हाई, बाई. कुणाला इचारायचं?"

ऋतुजानं माझ्या हातातून कात्री घेतली आणि डावीकडची पट्टी सरळ कापून दिली. मी पट्टीवर चुलीच्या पेन्सिलीवरूनच तीन पेनांनी तीन रेघा ओढल्या. अर्धा तास आम्ही तिघी पंख्याखाली बसून राहिलो. मग कुंचला भिजवला, पण माझा हात काही पुढं जाईना.

"आण इकडं," हाजराबी म्हणाली. तिनं कुंचला घेतला आणि आपल्या चुलीवरून पाणी फिरवलं. पहिली रेघ विरघळली, अर्धी चूल काळ्या पाण्यात गेली. तिनं पट्टी डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं.

"हे न्हाई," ती म्हणाली, आणि दुसऱ्या रेघेवर कुंचला टेकवला.